झोपाळा न हलवता बसलेली मुलगी

विघ्नहर्त्या श्रीगजाननाच्या चरणी मस्तक ठेवून, आणि हाती अमृताचा कलश घेऊन उभ्या असलेल्या भगवान धन्वंतरींना हात जोडून, आपल्या बडोद्याच्या मंडळाच्या दीपावली अंकासाठी लिहावयास बसलो आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा धनत्रयोदशीचा दिवा दारात लागलेला असेल. वैद्याच्या घरी त्या संध्याकाळी लक्ष्मीच्याही आधी धन्वंतरींची पूजा होते. एका वृद्ध वैद्याने मन मोकळे करावयास याहून योग्य तिथी मला दिसत नाही.

संपादक म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दवाखान्यातले दोनचार गमतीचे किस्से लिहा ने. लोकांना मजा पडते." तसे किस्से माझ्यापाशी आहेत. छातीत दुखते म्हणून आलेले आणि मी नळी लावण्याआधी माझीच जन्मवेळ विचारणारे एक सद्गृहस्थ होते. औषधाच्या गोळ्या आठ दिवस देवापुढे ठेवून, "साहेब, न खाताच गुण आला," असे सांगणाऱ्या एक आजी होत्या. त्यांना खरोखरच गुण आला होता, आणि त्याचे कारण मला आजतागायत कळलेले नाही. पण रोज सकाळी पूजेला बसताना जी आठवण माझ्या शेजारी येऊन बसते, ती गमतीची नाही. ती आयनो नावाच्या एका मुलीची आहे.

माझे वडील दांडिया बाजारातील एका पाठशाळेत संस्कृत शिकवीत. आठव्या वर्षी माझी मुंज झाली आणि त्याच आठवड्यात संथा सुरू झाली. संथा म्हणजे गुरूने एकदा म्हणावयाचे आणि शिष्याने ते तसेच दोनदा म्हणावयाचे. त्या शिक्षणात शिष्याचा कंठ घडतो, परंतु त्याचे स्वतःचे म्हणणे कुणी विचारीत नाही. विचारल्यावाचून बोलावयाचे नाही. विचारले तर मोठ्याने आणि न अडखळता सांगावयाचे. पुढे मी वैद्यकाकडे वळलो, समा भागातील एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात तीस वर्षे शिकवले, पण शिकवण्याची रीत पाठशाळेचीच राहिली. माझे विद्यार्थी रुग्णाची हकीकत कागदाकडे न बघता, खणखणीत आवाजात म्हणून दाखवीत. मला त्याचा अभिमान होता.

बाहेरच्या माणसाला वाटते, डॉक्टर वर्गात तयार होतो. तो खाटेपाशी तयार होतो. आधी विचारावयाचे, मग नुसते पाहावयाचे, मग हात लावावयाचा, मग पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने वाजवून पाहावयाचे, आणि सर्वांत शेवटी नळी लावून ऐकावयाचे. हा क्रम मोडला की चूक होते. मी हे शेकडो मुलांना सांगितले आहे, आणि माझ्या हातून सर्वांत मोठी चूक झाली ती हाच क्रम मोडल्यामुळे झाली.

ती वर्षे बडोद्यात सगळेच बदलण्याची होती. गोरव्याच्या कारखान्यांत परदेशी यंत्रे येत होती, गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या, आणि आमच्या विश्वस्तांनाही परदेशाशी नाते जोडण्याची हौस आली होती. फिनलंडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाशी पत्रव्यवहार झाला. तिकडचे विद्यार्थी आठ आठवडे आमच्याकडे शिकावयास यावेत, आमचे तिकडे जावेत, असे ठरले. आमचे गेले नाहीत. ते व्हिसाच्या रांगेतून परत आले. तिकडून मात्र पहिल्याच वर्षी आयनो आली. बावीस-तेवीस वर्षांची, उंच, केस इतके पांढुरके की वॉर्डातल्या बायका आधी तिला म्हातारी समजल्या.

आयनो बोलत नसे. इंग्रजी तिला उत्तम येत होते, मराठीतले आणि गुजरातीतले "दुखतं का?", "ऊंडो श्वास लो", म्हणजे खोल श्वास घ्या, असले शब्द तिने आठवड्यात उचलले होते. पण प्रश्न विचारला की ती आधी रुग्णाकडे बघे, मग खिडकीकडे बघे, आणि आमच्या मुलांची तोंडे उत्तराने भरून आलेली असताना हळूच एक वाक्य बोले. ते वाक्य बहुधा बरोबर असे. मला मात्र तो उशीर खटके.

आमच्या वॉर्डाच्या सिस्टर मंजुळाबेन तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, आ छोकरी जिवंत तो छे ने? खाटेजवळ दहा-दहा मिनिटं नळी लावून बसते. मला वाटलं झोपली."

मी आयनोला विचारले, "एवढा वेळ काय ऐकतेस?"

"सर, आमच्याकडे हे आजार उरले नाहीत," ती म्हणाली. "जे पुस्तकात वाचलं ते इथे ऐकू येतं. मला घाई करवत नाही."

"आणि बोलायला इतका वेळ का लागतो?"

ती जराशी हसली. "आमच्याकडे दोन माणसं गप्प बसली तर कुणाला वाईट वाटत नाही."

पहिल्याच आठवड्यात एक प्रसंग घडला होता. एका रुग्णाच्या पोटात तिला गाठ लागली आणि तिने ती निवासी डॉक्टरांना तिथेच, नातेवाइकांदेखत सांगितली. घरचे लोक घाबरून रडू लागले. मी तिला माझ्या खोलीत बोलावले आणि नियम घालून दिला: "रुग्णाविषयी तुला जे आढळेल ते आधी मला सांगायचे. दुसऱ्या कुणालाही नाही." तिने मान हलवली. ती एकदा मान हलवी तेव्हा तो विषय संपलेला असे.

एका रविवारी आम्ही तिला घरी जेवावयास बोलावले. दांडिया बाजारात आमचे वरच्या मजल्यावर तीन खोल्यांचे घर आहे. बाहेरच्या खोलीत, बडोद्याच्या रीतीप्रमाणे, पितळी कड्यांचा झोपाळा. आतल्या खोलीत देवघर. माझी पूजा त्या काळी रोज साडेसहाला सुरू होऊन सव्वासातपर्यंत चाले, आणि तेवढा वेळ मी मौन पाळीत असे. मंत्रांवाचून दुसरा शब्द उच्चारावयाचा नाही. हे सर्व मी तिला मोठ्या हौसेने समजावून सांगितले. म्हणालो, "त्या वेळात दारात कुणीही आले तरी मी उठत नाही. घरातले मला हाक मारीत नाहीत."

माझी पत्नी सुमती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅसचा वास घरभर. तेव्हासुद्धा ह्यांनी नुसती भुवई वर केली."

आम्ही हसलो. आयनो हसली नाही. तिने देवघराकडे बघितले आणि म्हणाली, "हे फार सुंदर आहे, सर." तिच्या देशात गप्प बसण्याला मान होता. तिला वाटले, आपल्या ओळखीचे काहीतरी इथे सापडले.

पाचव्या आठवड्यात कुंदा आली. वय एकवीस, सातवा महिना. नवरा गोरव्याला लेथवर कामाला. घराणे जुन्या संस्थानी शिपायांचे. सासरे अजून भिंतीवर तलवार ठेवून होते. सोबत सासू ताराबाई. कुंदाला चार पावले चालले तरी धाप लागत होती, पायांवर सूज होती, आणि ओठ, नखे, डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू सगळे पांढरे फटक. पदर डोक्यावर ओढून ती भिंतीकडे बघत बसली होती.

मी विचारले, "हा त्रास केव्हापासून?"

ताराबाई म्हणाल्या, "साहेब, महिना झाला. त्याआधी तब्येत एकदम सारी होती, कसली तक्रार नव्हती. खाते नाही बरोबर, दुसरं काय!"

"लहानपणी काही आजार? ताप, सांधे सुजणं?"

"काही नाही हो. आमच्या घरी धडधाकट आली."

"मुलींच्या जातीला हल्ली खायला नको," असे काहीतरी त्या पुढेही बोलल्या. मी नळी लावली. वॉर्डात त्या वेळी पाण्याची गाडी खडखडत जात होती, माझ्याभोवती बारा विद्यार्थी होते, आणि खरे सांगायचे तर पापण्या पाहिल्या त्याच क्षणी माझे निदान झालेले होते. ब्लाउजवरूनच दोन ठोके ऐकले न ऐकलेसे केले आणि म्हणालो, "पांडुरोग. रक्त फारच कमी आहे. उद्या सकाळी रक्त चढवा." विद्यार्थ्यांनी लिहून घेतले. आयनो खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

बाहेर पडताना तिने विचारले, "सर, त्या मुलीला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं सासूबाई का देतात?"

"आमच्याकडे असेच असते," मी म्हणालो.

"पण लहानपणी त्या तिच्याजवळ नव्हत्या."

मी ऐकले, आणि पुढच्या खाटेकडे गेलो.

दुपारी ताराबाई डबा आणावयास घरी गेल्या तेव्हा आयनो कुंदाच्या खाटेवर जाऊन बसली. हे सर्व मला नंतर कळले. ती काही बोलली नाही, कारण बोलण्याजोगी भाषा दोघींत नव्हती. बराच वेळ दोघी नुसत्या बसल्या. मग कुंदाने आपण होऊन पदर बाजूला केला. तिने आपल्या गुडघ्यांवर हात ठेवला, मग कोपरांवर, मग मनगटांवर, आणि बोटांनी सुजलेल्या सांध्यांचा आकार दाखवला. हात छातीइतक्या उंचीवर धरून 'एवढीशी असताना' असे खुणावले. नंतर कमरेखाली बोट टोचून दाखवले, एकदा, परत एकदा, परत एकदा. आणि गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावून दोन्ही हात हलवले. म्हणजे लग्न झाले आणि ते बंद झाले.

वाचकांसाठी याचा अर्थ सांगतो. लहान वयात घसा धरतो, ताप येतो, एकामागून एक सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण जाताना तो आजार हृदयाच्या झडपेला कायमचा चट्टा देऊन जातो. डावीकडच्या वरच्या दालनातून खालच्या दालनात रक्त उतरण्याची ती झडप. ती हळूहळू आकसते. आजार उलटू नये म्हणून अशा मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे द्यावी लागते. कुंदाच्या आईवडिलांनी ती दिली होती, आणि मुलीचे लग्न जमावे म्हणून सासरी त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता. दाराआडून हळूच सुई घ्यावयास जाणे नव्या सुनेला कसे जमणार! आईबापांना मी दोष देत नाही. अशी घरे मी फार पाहिली.

मग आयनोने कुंदाला डाव्या कुशीवर निजवले. आकसलेल्या झडपेचा आवाज त्याच कुशीवर, नळीची खोलगट बाजू अलगद टेकवून, श्वास सोडून थांबवल्यावरच ऐकू येतो. फार मंद असतो तो. शेजारच्या घरात पहाटे कुणी जाते ओढावे तशी घरघर. घाईच्या माणसाला तो कधीच ऐकू येत नाही. आयनोला आला.

तिने तो आवाज आयुष्यात पूर्वी कधी ऐकलेला नव्हता. तिच्या देशातून तो आजार गेलेला. म्हणून तिला स्वतःच्या कानांची खात्री वाटेना. मी तोवर घरी निघून आलो होतो. वसतिगृहात रात्री उशिरापर्यंत पुस्तक उघडून तिने पडताळा घेतला, आणि तिथे तिला दिसले की अशा हृदयात बाहेरून एकदम रक्त चढवले तर ते पुढे सरकत नाही. मागे फुप्फुसांत तुंबते, आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

निवासी डॉक्टर दोन खोल्यांपलीकडे होते. पण माझा नियम होता: आधी मला. आणि तिची समजूत अशी की, तिच्याकडच्याप्रमाणे, रक्त सकाळच्या फेरीनंतर चढवतील; फेरी नऊची. माझ्या वॉर्डात मात्र मंजुळाबेन शिस्तीच्या. मी "सकाळी" म्हटले की त्या सातचा ठोका धरीत.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला आयनो रिक्षाने आमच्या दारात उतरली. सुमतीने दार उघडले.

"सर?"

"पूजा चाललीय गं. बैस. अर्धा तास लागेल. चहा घेतेस?"

आयनोने मान हलवली आणि झोपाळ्यावर बसली.

माझ्या आसनावरून झोपाळ्याचा अर्धा भाग दिसे. मी मान न वळवता तिला पाहिले. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवून, हात मांडीवर ठेवून, अगदी स्थिर बसली होती. झोपाळ्याची कडीसुद्धा वाजत नव्हती. नजर माझ्याकडे. मला वाटले, पाहा, सातासमुद्रापलीकडची मुलगी, आणि पूजा कशी भक्तिभावाने पाहते आहे. अंतःकरण भरून आले. अभिषेकाची एक आवृत्ती करण्याचा माझा नेम. त्या दिवशी मी दोन केल्या. आवाजही थोडा चढा लावला असावा.

साडेसातला आरती झाली. मी बाहेर येऊन तिच्या ओंजळीत तीर्थ घातले. तिने ते प्राशन केले, हात कोरडे केले, आणि मगच बोलली.

"सर, कुंदाला झडपेचा आजार आहे असं मला वाटतं. तिला रक्त देऊ नये."

फोन आमच्या कोनाड्यात, झोपाळ्यापासून चार हातांवर होता. मी वॉर्डाला फोन लावला. मंजुळाबेन म्हणाल्या, "हो ने साहेब, बरोबर सातला चालू केलं. पण ती जरा घाबरल्यासारखी करते, मी तुम्हालाच..."

"बंद करा!" मी ओरडलो. त्या घरात त्या वेळी माझा इतका मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

सोवळे बदलण्याचे भान राहिले नाही. मुकट्यावर कोट चढवला आणि स्कूटर काढली. आयनो मागे बसली. 

कुंदा खाटेवर उठून बसली होती, डोळे विस्फारलेले, तोंडाला गुलाबी फेस. रक्ताची पिशवी अर्धी रिकामी झालेली. प्राणवायू, लघवी होण्याची सुई, पाय खाटेखाली सोडणे, हातापायांवर आळीपाळीने पट्टे आवळणे, त्या वेळी जे जे करीत ते सर्व केले. तिला पाठ टेकवून भागणार नव्हते आणि बसवत नव्हते. आयनो खाटेवर चढली, कुंदाच्या मागे बसली, आणि तिला आपल्या छातीवर रेलवून घेतले. दुपारी बारापर्यंत ती तशीच बसून होती. मधून मधून तेवढा एक शब्द म्हणत होती, "ऊंडो... ऊंडो..."

दारापाशी ताराबाई मंजुळाबेनचा हात धरून विचारीत होत्या, "मरत नाही ने? बेन, खरं सांगा, माझी पोर मरत नाही ने?" आदल्या दिवशी ज्या सुनेच्या वतीने त्या बोलत होत्या, ती त्या सकाळी त्यांची पोर झाली होती.

कुंदा वाचली. पोटातले बाळ वाचले नाही. दुपारनंतर त्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येईनासे झाले. मीच नळी लावली होती. या वेळी मी पुष्कळ वेळ ऐकले.

पावणेसातला उठलो असतो तर रक्त सुरूच झाले नसते. हा हिशेब कुणी माझ्यापुढे मांडला नाही. तो मांडावयास दुसऱ्या कुणाची गरजही नव्हती. संध्याकाळी घरी आलो तेव्हा सुमतीने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाली, "अहो, ती पाय टेकवून बसली होती ती कडी वाजू नये म्हणून. तुमच्या पूजेत आवाज नको म्हणून. आणि बघत होती ती तुमचं कधी संपतं ते." मग म्हणाली, "मीच विचारायला हवं होतं, कशाला आलीस म्हणून. पण ह्या घराला वळणच तसं लागलंय."

त्यापुढचे सांगावयाचे म्हणून हा लेख लिहावयास घेतला.

आठ आठवडे संपले तेव्हा आयनोने आपला अहवाल माझ्यापुढे ठेवला. तिच्या महाविद्यालयाचा नियम असा की, विद्यार्थ्याने काय शिकलो, काय चुकले ते लिहावे आणि शिक्षकाने खाली सही करावी. अक्षर लहान, सरळ. शेवटच्या पानावर कुंदाची हकीकत होती, आणि तिच्याखाली दोन वाक्ये: 'मला आढळलेली गोष्ट मी माझ्या शिक्षकांना वेळेत सांगितली नाही. या विलंबाची जबाबदारी माझी आहे.'

मी म्हणालो, "हे लिहिण्याची गरज आहे का?"

"खरं आहे ते, सर. मी पाऊण तास बसून राहिले."

"पूजा चालू होती."

"हो. पण मला हाक मारता आली असती."

त्या वेळी मी म्हणावयास हवे होते की, हाक मारावयाची नाही हे तुला मीच शिकवले. दुसऱ्या कुणाला सांगावयाचे नाही हेही मीच शिकवले. आणि त्याही आधी, जे तुझ्या कानांना आदल्या दुपारी ऐकू आले ते माझ्या कानांना आदल्या सकाळी ऐकू यावयास हवे होते. विश्वस्तांपैकी दोन गृहस्थ बाहेर हार घेऊन उभे होते. मी पेन उघडले आणि त्या दोन वाक्यांच्या खाली सही केली. सही नेहमीप्रमाणे वळणदार आली.

निघताना ती आमच्याकडे आली. सुमतीने तिची ओटी भरली. ती माझ्या पाया पडली. हे तिला कुणी शिकवले कोण जाणे. मी आशीर्वाद दिला. जे शब्द द्यावयाचे होते ते दिले नाहीत.

सहा महिन्यांनी तिचे एक कार्ड आले. बर्फात एकच मेणबत्ती लावलेले चित्र. लिहिले होते: त्या अहवालामुळे मला ते आठ आठवडे उत्तरेकडच्या एका रुग्णालयात पुन्हा करावे लागले, पण तिथला बर्फ छान आहे, कुंदा कशी आहे? मी उत्तर पाठवले, कुंदाविषयी सविस्तर. सहीविषयी नाही. पुढच्या दिवाळीत दुसरे कार्ड आले: मी अजूनही प्रत्येकाला डाव्या कुशीवर निजवून ऐकते. त्यानंतर काही आले नाही.

मी निवृत्त झालो त्या वर्षी मात्र धीर करून दोन पत्रे लिहिली, एक तिला आणि एक तिच्या महाविद्यालयाला. तिला लिहिलेले पत्र पत्ता सापडत नाही म्हणून परत आले. महाविद्यालयाकडून उत्तर आले नाही. माझ्या नातीने संगणकावर शोधले, त्या नावाच्या इतक्या स्त्रिया निघाल्या की तीच म्हणाली, "आजोबा, लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर कसं कळणार?" तो परत आलेला लखोटा देवघराच्या खणात आहे.

कुंदाची झडप पुढे अहमदाबादला शस्त्रक्रिया करून रुंदावली. तीन वर्षांनी तिला मुलगी झाली. दर तीन आठवड्यांनी ती माझ्याकडे सुई घ्यावयास येई. पुढे पुढे ताराबाईच तिला आठवण करून आणीत. सुई टोचून झाली की पदर सारखा करीत कुंदाचा एक प्रश्न ठरलेला असे.

"साहेब, आयनोबेनचं पत्र आलं?"

"नाही, बाई."

"येईल हो. त्यांना बोलायला वेळ लागतो."

ताराबाई आता नाहीत. कुंदाचे केस पांढरे होऊ लागले आहेत. परवा नवरात्रात आली तेव्हाही विचारून गेली.

त्या प्रसंगानंतर मी विद्यार्थ्यांना हकीकत घडाघडा म्हणावयास लावणे सोडले. नव्या सुनेची हकीकत घेताना सासूबाईंना नम्रपणे बाहेर बसवू लागलो. त्यावरून मंजुळाबेनना पुष्कळ बोलणी खावी लागली. पूजा अजून रोज करतो, पण मौन नाही, आणि दार सताड उघडे असते. घरात सर्वांना सांगून ठेवले आहे की, कुणी आजारी माणसाचा निरोप घेऊन आले तर मला हाक मारा. ताम्हनात देव असले तरी मारा. मुले झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालू म्हणतात. मी घालू देत नाही. वाजू देत. सकाळी अभिषेक चालू असताना वाऱ्याने किंवा सुमती टेकल्याने कडी कुरकुरली की माझी पळी हातात तशीच राहते आणि मान वळते. कुणीतरी उंचशी, पांढुरक्या केसांची, आता तीही पन्नाशीची असेल, तिथे बसलेली दिसेल आणि या वेळी वाट न बघता बोलेल, असे क्षणभर वाटते. मग पाणी पुन्हा धार धरते.

माझी सही असलेला तो कागद फिनलंडमध्ये कुठल्याशा कपाटात असेल. तिथपर्यंत माझा हात पोहोचत नाही. म्हणून आपल्या या अंकात, आपणां सर्वांच्या साक्षीने, ती शेवटची दोन वाक्ये मी आज खोडतो आणि त्या जागी लिहितो: विद्यार्थिनीने योग्य निदान केले. ती वेळेआधी माझ्या दारात आली होती. विलंब माझा आहे. खाली सही माझी, या वेळी तितकीशी वळणदार नाही.

ज्यांनी हे शेवटपर्यंत वाचले त्या आपणांवर आणि आपल्या घरच्या लहानथोरांवर भगवान धन्वंतरींची कृपादृष्टी असो. आपल्या घरात जी सर्वांत कमी बोलते तिचे ऐकावयास कुणाला तरी सवड असो. माहेरची दुखणी सासरी मोकळेपणाने सांगता येवोत, लेकीसुनांच्या कुशी सुखरूप उजवोत, आणि देव्हाऱ्यातला दिवा तेवत असताना दारात कुणी आले, तर उठून जाण्याइतका देव आपणांस जवळचा वाटो.